सुटे टाके

निवृत्त माणूस रिकामा असतो, अशी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची ठाम समजूत आहे. त्यामुळे दहावीच्या मुलांना गावातले कामधंदे दाखवायची योजना निघाली, तेव्हा जोड्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणतं काम जवळून बघायचंय ते मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि मी त्यांना एका दिवसासाठी तशा माणसाकडे धाडायचं.

बेचाळीस चिठ्ठ्या आल्या. एकोणीस जणांना मोठ्या कंपनीतलं मोठं पद बघायचं होतं. गावातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे बर्फाचा कारखाना. एकोणीसही जणांना तिथे पाठवलं, ते थंड होऊन परतले. एकाने लिहिलं होतं, 'झोपेशी संबंधित काहीही'. त्याला गादीवाल्याकडे दिलं. दिवसभर गाद्या उचलून त्या रात्री तो खरंच झोपला म्हणतात.

एका मुलीच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: 'टाके घालणे'.

यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. रफूवाल्या ताईंच्या नावे पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि स्वतःच्या कामावर खूश झालो.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पाहणीला निघालो. माझ्या कोटाची बाही कोपराशी फाटली होती, म्हणून पहिला मुक्काम ताईंकडेच. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: एक मशीन, एक दिवा, भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेली दोऱ्याची रिळं. मुलगी गळ्यात शाळेचं ओळखपत्र घालून स्टुलावर बसली होती.

"काका, पत्र तुम्ही लिहिलंत?" ताईंनी विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. सकाळी साडेसातला हिला डबा भरून दिला. साडेनऊला ही पत्र घेऊन माझ्यासमोर उभी. 'आपल्या कामाचा परिचय करून द्यावा ही विनंती.' सोळा वर्षं मी दुसरं काय करतेय?"

शाळेच्या रजिस्टरात आईच्या नावापुढे 'घरकाम' लिहिलेलं होतं. चूक रजिस्टराची, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

ताई मात्र खुशीत होत्या. "मला वाटायचं, पोरीला सुईचा कंटाळा आहे. आणि हिने आपण होऊन लिहिलं, टाके. माझ्या डोळ्यांना आता काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही हो. दहावी झाली की हीच बसेल इथे. अकरावीच्या विषयांचा फॉर्म शनिवारी द्यायचाय ना, विज्ञान-बिज्ञान कशाला, सोपं काहीतरी भरू."

 मुलीने माझ्या बाहीकडे बघायला सुरुवात केली होती.

"घे, काकांचीच घे," ताई म्हणाल्या. "बिघडली तरी आज त्यांना बोलायला तोंड नाही."

मुलीने बाही उलटी केली, कडा बोटांनी चाचपल्या आणि मला विचारलं, "काका, हे एकदम फाटलं की आधी झिजत होतं?" माझी इतकी चौकशी बऱ्याच वर्षांत कुणी केली नव्हती. दोन्ही, म्हणालो. मग तिने सुई घेतली. एक टाका, गाठ, कात्री. दुसरा टाका, गाठ, कात्री.

"अगं, दर टाक्याला दोरा काय तोडतेस? सलग घाल. मामाचा कारखाना आहे का रिळांचा?"

"सलग घातले तर एक तुटला की सगळे उसवतात. सुटे असले की बाकीचे धरून राहतात."

"हे मी नाही शिकवलं."

"डॉक्टरबाईंनी सांगितलं. तुझ्या पायात काच गेली होती तेव्हा. तू डोळे मिटून बसली होतीस. मी बघत होते."

 चिठ्ठीवरच्या त्या दोन शब्दांत कापड कुठेच नव्हतं, हे ताईंना माझ्या आधी कळलं.

"मग चिठ्ठीत कातडीचे टाके असं लिहायचं ना," त्या अखेर म्हणाल्या.

"तर काकांनी चपला शिवणाऱ्याकडे पाठवलं असतं."

मी खरंच पाठवलं असतं.

ताईंनी बाही दिव्याखाली धरली, मग दिव्याचा नाद सोडून बोटांनी पाहिली. अकरा गाठी, सगळ्या एका मापाच्या. "कपड्याला हे शोभत नाही," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "हात चांगला आहे."

बाही त्यांनी लगेच खाली ठेवली नाही.

"विज्ञान घेतलंस तर मला सुया कोण ओवून देणार?"

"मीच. शाळेत जायच्या आधी, दिवसभराच्या."

"काळ्या दहा जास्त लागतात."

"माहितेय."

शाळेच्या अभिप्रायाच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता: 'विद्यार्थिनी या कामासाठी योग्य वाटते का?' ताईंनी लिहिलं: 'हो. दुकान चुकलं.'

शनिवारी फॉर्म आला तो विज्ञानाचा, खाली आईची सही. आता सकाळी त्या जिन्याजवळून जाताना दिसतं: सुयांच्या उशीवर तीस सुया रांगेत, प्रत्येकीत दोरा, काळ्या दहा वेगळ्या.

कोट मी तसाच वापरतो. परवाच्या बैठकीत मुख्याध्यापिकाबाईंनी कोपराकडे बघून विचारलं, "हे टाके काढायचे कधी?"

"डॉक्टर म्हणतील तेव्हा," मी म्हणालो. "अजून आठेक वर्षं लागतील."