डावीकडची रेघ

मी कोरणी बोलतेय. लोखंडाची, करंगळीएवढी. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकावर हातोडीचा मार. पेले, ढाली, घड्याळांच्या पाठी, दारावरच्या पितळी पाट्या. नाव कुणाचंही असो, ते धातूवर उमटवायचं काम माझं. पेनवाल्याला खाडाखोड करता येते. माझ्या धंद्यात एकदा उमटलं की उमटलं. म्हणून मी जरा टोचून बोलते, राग मानू नका.

एका लोहारानं मला घडवलं आणि एका नवख्या कारागिरानं विकत घेतलं. त्याच्या लग्नाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. बायकोसाठी त्यानं स्टीलचा पेला आणला आणि दुकानात तिच्यासमोरच तिचं नाव कोरायला बसला. ती हनुवटीला हात लावून बघत होती. झालं, गड्याची नजर पेल्यावर ठरेना! शेवटच्या अक्षराला दुसरी वेलांटी हवी, तर यानं रेघ डावीकडेच मारली. पहिली होऊन बसली. मला कळलं होतं. पण मी पडले हुकमाची ताबेदार, नेलं तिथं गेले.

"असं लिहितात होय?" तिनं विचारलं.

"जुनी पद्धत आहे," हा म्हणाला. धडधडीत खोटं!

त्या दिवसापासून ती आपलं नाव तसंच लिहायला लागली. कचेरीतल्या प्रत्येक खिडकीवर सांगायची, "पहिली हो, पहिली वेलांटी." आणि खिडकीतला माणूस हटकून दुसरी लिहायचा. घरी येऊन ती हसायची. हा मात्र त्या पेल्यातून पाणी पिताना चुकीची रेघ अंगठ्यानं झाकायचा.

एकदा ती तापानं फणफणली होती. वेलांटी जुळेना, म्हणून दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला तिचं नाव सापडेना. दुपारभर ती बाकावर बसून राहिली, भिंतीला डोकं टेकून. त्या दिवशी घरी आल्यावर ती हसली नाही. यानं मला उचलून पेल्याजवळ नेलं, आणि तसंच परत ठेवलं. उमटलेलं पुसता येत असतं तर काय हवं होतं!

ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

परवा दुपारी लेक आणि जावई दुकानात आले, कुशीत एकवीस दिवसांची मुलगी. तिला आजीचंच नाव ठेवायचं, यावर दोघांचं एकमत. भांडण वेलांटीवरून. नोंदणीचा फॉर्म द्यायचा तो शेवटचा दिवस, चारला खिडकी बंद. घड्याळात अडीच.

"नोंदणीच्या कामात आयुष्य चाललंय माझं," जावई म्हणाला. "एका वेलांटीपायी माणसं रडत परत जातात. चारचौघांसारखं लिहू या."

"माझी आई चारचौघांसारखी नव्हती. तिनं जन्मभर असंच लिहिलं. ते बदलायचं असेल तर तिचं नावच नको."

"हट्टाला पेटू नकोस."

"हट्ट? बरं. मग तुझ्या मनाला येईल ते नाव ठेव आणि मला विचारूही नकोस!"

बाळ दचकून रडायला लागलं. लेकीनं तिला खांद्यावर टाकलं आणि एक चिमुकला कोरा पेला बापासमोर ठेवला. "बाबा, तुम्हीच ठरवा. तुम्ही यावर जसं कोराल, तसंच फॉर्मवर लिहू."

मी म्हाताऱ्याच्या मुठीत होते. खरं बोलावं, तर लेकीच्या हातून आईची खूण जाणार. गप्प बसावं, तर त्या इवल्याशा जिवाला जन्मभर खिडक्या झिजवाव्या लागणार. बोल ना, म्हाताऱ्या! मी ओरडत होते. पण लोखंडाचं कोण ऐकतंय?

तीन वाजले.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "ती तुझ्या आईची आवड नव्हती गं. माझा हात चुकला होता. आणि वर मी खोटं बोललो."

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती हसली. "ठाऊक आहे मला. आईलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणायची, माझ्याकडे बघून ज्याचा हात चुकला, त्याची चूक मी मिरवणारच."

म्हातारा बघतच राहिला. मीसुद्धा. इतकी वर्षं आम्ही दोघं चोरासारखे वागलो, आणि त्या बाईला सगळं ठाऊक होतं!

जावयानं उसासा टाकून पेन उघडलं. पहिली वेलांटी काढायला निघाला बिचारा.

"थांबा जावईबापू." म्हातारा लेकीकडे वळला. "बाकावरची दुपार सांगितली होती का तिनं तुला?"

"कुठली दुपार?"

मग त्यानं सांगितली. ताप, बाक, भिंतीला टेकलेलं डोकं, सगळं. "तिनं चूक मिरवली ती आपखुशीनं. या पिल्लाला कोण विचारतंय?"

लेक बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. शेवटी तिनं नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः दुसरी वेलांटी काढली. साडेतीनला जावई फॉर्म घेऊन धावत सुटला.

म्हाताऱ्यानं पेला पुढं ओढला. टक, टक. अक्षरं नीट आली. शेवटचं आलं, आणि हात पुन्हा डावीकडे वळला. तिच्या नावाची जन्माची सवय! या खेपेला मात्र मी ऐकलं नाही. पेल्यावरून सरळ घसरले, ओरखडाही उठू दिला नाही.

"टोक झिजलंय हिचं," तो पुटपुटला. झिजलंय खरं, पण इतकंही नाही. त्यानं चष्मा पुसला आणि मला उजवीकडे नेलं.

आता मी डबीत पडून असते. तुम्हाला एकच सांगणं आहे. नावावरून खुशाल भांडा, पण ते नाव जिला खिडकीखिडकीवर सांगत फिरायचंय, तिच्याकडे आधी एकदा बघा.

म्हातारा अजून त्या जुन्याच पेल्यातून पाणी पितो. फक्त आता अंगठा दुसरीकडे ठेवतो.