टेकूचा डावा हात

डाव्या हाताच्या करंगळीला शेजारची दोन बोटं जोडून त्यानं वरून पांढरी पट्टी गुंडाळली, तिचं टोक दातांत धरलं आणि हिसका देऊन तोडलं. एरवी हे काम तो बाकावर बसून, चौघांशी टवाळक्या करत उरकायचा. आज सामन्याआधी संडासाचं दार आतून लावून, झाकणावर बसून चाललं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपलं आहे असं त्याला सकाळपासून वाटतच नव्हतं. चिमटा काढून पाहिला, चावून पाहिलं. काही नाही. निदान तिसरं बोट वळेल तेव्हा त्याच्याबरोबर तीही दोघं वळावीत, एवढ्यासाठी ही बांधाबांध.

दारावर थाप पडली. बाहेर कप्तान होता.

"टेकू, आत झोपलास का रे?"

"आलो, आलो! निवांत बसूसुद्धा देत नाहीत, लेको!"

बाहेर हशा पिकला. हसतायत म्हणजे कुणाला काही कळलेलं नाही.

टेकू हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. रग्बीत तो ज्या जागी खेळायचा तिला प्रॉप म्हणतात. शेजारणींना ते समजावून समजावून ती वैतागली आणि एकदा फणकाऱ्यानं म्हणाली, "अहो, टेकू! भिंत पडू नये म्हणून लावतात ना, तो!" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो देशाकडून खेळायला लागला, परदेशी मैदानांवर त्याच्या नावाच्या आरोळ्या उठल्या, पण घरी आणि संघात तो टेकूच राहिला. आणि ते खोटंही नव्हतं. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांत अडकतात आणि जीव खाऊन रेटतात. मागच्यांचा सगळा जोर पुढच्या फळीतल्या माणसाच्या मानेतून जातो. ती मान टिकली तर सगळं टिकतं.

त्याची मान टिकत नव्हती. महिन्याभरापूर्वी कानटोपी घालून, स्क्रममध्ये चुरगळलेले कान झाकून, तो परगावच्या एका अनोळखी डॉक्टरकडे मानेचा एक्स-रे काढून आला होता. "काम काय करता?" डॉक्टरनं विचारलं. "सामान उचलतो," त्यानं थाप मारली. "मग आजपासून बंद. एक वेडावाकडा धक्का बसला, तर मानेखालचं काहीही तुमचं राहणार नाही." तो मान डोलावून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर झाला. करणार काय? त्याच्या जागेवर डोळा ठेवून एक तरणाबांड गडी बाकावर बसलेलाच होता. शिवाय घाबरून बाहेर बसला असं कुणी म्हटलं तर ते त्याला सोसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तो घाबरलेलाच होता. रात्री कूस बदलताना घाबरायचा, शिंक आली तरी घाबरायचा.

तो कडी काढणार, तेवढ्यात खिशात फोन वाजला. बहीणच होती.

"जेवलास का रे?"

"जेवलो गं, ताई."

"मान बरी आहे ना?"

"मानेला काय धाड भरलीय?"

"मग आवाज का असा घुमतोय?"

"संडासात आहे."

"शी! मग फोन कशाला उचललास, मेल्या!"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बस चालवून हिनं त्याला वाढवलं. एकदा तिची बस भर चढावर बंद पडली, पोरसवदा टेकूनं ती एकट्यानं ढकलली आणि मागून येणाऱ्या प्रशिक्षकानं ते पाहिलं, अशी गोष्ट ती येईल-जाईल त्याला सांगायची. सामना ती टीव्हीवर बघायची, पण स्क्रम लागला की उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी परत घासत बसायची.

"ठेवतो गं," तो म्हणाला. अजून काही बोलला असता तर सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं.

सामना सुरू झाला आणि पहिला स्क्रम लागला. समोरच्या फळीत रेडा होता. पेपरवाल्यांनीच त्याला हे नाव दिलेलं. कितीतरी वर्षं दोघं एकमेकांना भिडत आले होते, पण धड बोलणं असं कधी झालंच नव्हतं. स्क्रममध्ये चेहरा दिसत नाही. गालाला कान लागतो आणि श्वास ऐकू येतो. रेड्याचा श्वास टेकूनं अंधारातही ओळखला असता. नाकातून शिटी वाजायची त्याच्या.

"वाका," पंच म्हणाले. "पकडा."

टेकूनं डावा हात पुढे टाकून रेड्याची जर्सी पकडली. पकडली म्हणजे पकडायला गेला.

"भिडा!"

धाडकन आवाज झाला. बोटं जर्सीवरून सुटली, रेड्याचा खांदा तिरका आत घुसला आणि मानेपासून कोपरापर्यंत विजेचा झटका गेला. टेकू विव्हळला. बारीकच आवाज होता, पण रेड्याचा कान तिथेच होता. चेंडू मागून निघाला, सगळे पळाले. तो उठला. पाय हलतायत. हलतायत. त्यानं ते दोनदा पाहिलं.

रेडा त्याच्याकडे बघत उभा होता.

टेकूचं धाबं दणाणलं. कप्तानापासून लपवलं, बहिणीपासून लपवलं, पण ज्याच्या पाठीवर ती बोटं रोवायची त्याच्यापासून कसं लपवणार? आता रेडा स्क्रमचा हाच कच्चा कोपरा धरणार आणि मोडणार. मोडायलाच हवा, कामच आहे ते. आपणही कुणाकुणाचे असे कोपरे मोडलेत, आणि वर टाळ्या घेतल्यात.

दुसरा स्क्रम लागला. "भिडा!" म्हणताच टेकूनं डोळे घट्ट मिटले. धक्का आलाच नाही. रेडा अंग काढून सरळ उभा राहिला होता. शिट्टी वाजली, स्क्रममधून मध्येच उठल्याबद्दल रेड्याच्या संघाला दंड झाला आणि त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

"वा रे टेकू!" कप्तानानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "गार पडला बघ तो! पंच, आम्हाला परत स्क्रमच हवा."

"लाथ मारून चेंडू खांबांमधून घाल ना," टेकू पुटपुटला. "सरळ तीन गुण आहेत."

"वेडा आहेस का? आज त्याला पुरता लोळवायचा!"

सगळे पुन्हा गोळा झाले. पंच म्हणाले, "वाका." गालाशी शिटी वाजवणारा तो श्वास आला आणि अगदी हळू शब्द आले.

"नको रे. सांग त्यांना. मला परत असं मध्येच नाही उभं राहता येणार."

"पकडा," पंच म्हणाले.

टेकू आहे तिथेच गुडघ्यांवर बसला, मग गवतावर बसला, आणि कप्तान काय ओरडतोय ते त्याला ऐकूच आलं नाही. संघाच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"काय झालं?"

"धक्का बसला," तो म्हणाला. "आत्ता. पहिल्या स्क्रमला."

त्यांनी त्याच्या मानेला पट्टा बांधला, त्याला स्ट्रेचरवर घेतला आणि आतल्या खोलीत आणून उताणा ठेवला. ॲम्ब्युलन्स येतच होती. पायाची बोटं हलत होती, हाताची तेवढीच हलत होती जेवढी सकाळी हलत होती. मान जखडलेली, त्यामुळे फक्त छत दिसत होतं. बाई कोपऱ्यात बसून काय झालं ते लिहून घेत होत्या. खेळताना झालेली इजा. त्यात नाव खराब होत नाही, कुणी बोट दाखवत नाही. बहीणसुद्धा रडेल, पण रागावणार नाही.

दार उघडलं. फरशीवर खिळ्यांचे बूट वाजले आणि डोक्यामागे कुणीतरी येऊन थांबलं. नाकातून शिटी वाजत होती.

"रेडा," टेकू म्हणाला.

"हो. मला काढलं बाहेर. पाय हलतायत?"

"हलतायत. तू उभा का राहिलास? दया आली होय?"

"दया कसली!" रेड्याचा आवाज फुटला. "घाबरलो मी. केवढा घाबरलो! पहिल्या वेळी मी खांदा मुद्दाम तिरका घातला होता. नियमात नाही बसत ते, पण घालतो मी. आणि तू विव्हळलास. घरी माझी आई विचारेल, तो पोरगा कसा आहे, तर काय सांगू मी तिला?" तो थांबला. "खरं सांग. मी केलं का हे?"

महिनाभर टेकू स्वतःच्या मानेला जपत, स्वतःच्या मानेसाठी झुरत आला होता. समोरच्या माणसालाही त्या मानेची भीती वाटू शकते, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. त्यानं मागे वळून बघायचा प्रयत्न केला. पट्ट्यानं वळू दिलं नाही. कोपऱ्यात पेन कागदावर चालतच होतं.

"नाही रे," तो छताकडे बघत म्हणाला. "तुझा काही संबंध नाही. मी येतानाच हा हात असा होता. मान बिघडून महिना झाला. मला डॉक्टरनं खेळू नको म्हणून सांगितलं होतं."

मागे रेड्यानं श्वास सोडला, आणि मग एवढा मोठा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला. कोपऱ्यातलं पेन थांबलं. खुर्ची सरकली.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

टेकूनं तेच पुन्हा सांगितलं, त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.