ट्रकला काय कमी होतं
नाटकासाठी सुताराने प्लायवूडचा ट्रक बनवला. चाकं, दिवे, बंपर, सगळं मापात. पण लेकाचा काही केल्या खरा वाटेना. पोचे पाडले, चिखल फासला, तरी खेळणं ते खेळणंच! घिरट्या घालून सुताराचे पाय दुखले. नेमकं कमी काय आहे?

डबा घेऊन आलेली बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि ट्रकखालच्या फळीवर तेल गळल्यासारखा डाग काढला.

ट्रक जणू आत्ताच रस्त्यावरून येऊन थांबला.

सुतार चाट पडला. "अगं, तुला कसं सुचलं?"

"तुमची स्कूटर दारात उभी असते ना," ती डबा उघडत म्हणाली, "तिच्याखालची फरशी रोज कोण घासतं?"