वरीलप्रमाणे

बाईंनी नोंदवही उघडली आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. बालकल्याणचा अधिकारी वाकून बघू लागला. 'घरची परिस्थिती' या रकान्यात नुसत्या दोन बारीक रेघा होत्या.

"म्हणजे काय?"

"वरीलप्रमाणे," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याचं बोट रेघारेघांवरून वर सरकत पहिल्या ओळीशी पोचलं. तिथे मात्र बाईंच्या वळणदार अक्षरात पूर्ण वाक्य होतं: घरचे वातावरण आनंदी. एकेचाळीस मुलं, प्रत्येकाचे बारा रकाने, त्यात मोठ्या बाईंचा तगादा. बाई पहिल्या मुलाचं मन लावून लिहीत आणि बाकीच्यांना रेघा मारून मोकळ्या होत. इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

सतरा नंबरची मुलगी दोन दिवस घरी गेली नव्हती. बसथांब्यामागे सापडली. का पळालीस म्हटलं तर अवाक्षर बोलेना. सावत्र बाप तिला न्यायला आला होता, बाहेर व्हरांड्यात थांबला होता. शाळेची नोंद चांगली असेल तर मुलगी आत्ताच त्याच्या ताब्यात जाणार होती.

नोंदी खोट्या म्हटल्या की नोकरीवर गदा येणार, हे बाईंना कळत होतं. तरी त्या बोलून गेल्या.

"ते खरं नाही हो. मी नुसत्या रेघा ओढल्यात."

"मग खरं काय ते सांगा. लिहून घेतो."

वर्षभर रोज समोर बसणारी पोर. तिची जन्मतारीख, वजन, उंची, बुटाचं मापसुद्धा बाईंना तोंडपाठ होतं. घरचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"'माहीत नाही' असं कसं लिहू, बाई? मग आहे तेच ठेवतो."

बाई तशाच उठून व्हरांड्यात गेल्या. मुलगी बाकावर बसली होती. बाप शेजारी उभा होता, त्याचा हात तिच्या खांद्यावर. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि अख्ख्या वर्षात न विचारलेलं विचारलं.

"घरी कसं असतं गं, बाळा?"

"चांगलं," मुलगी म्हणाली. छडीच्या धाकाने पाढा म्हणणारी पोरं बघतात, तसं लगेच तिने वर बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

बाई परत आत आल्या तेव्हा अधिकारी पेनला टोपण लावत होता.

"टोपण काढा," बाई म्हणाल्या.