मोटारवाल्या साहेबाचा कुत्रा

मी फिप्स बोलतोय. आखूड पायांचा, लांब अंगाचा म्हातारा कुत्रा. माझा मालक फोल्कमार एलर्स, मोटारींच्या एका बड्या कंपनीतला मोठा साहेब.

तो एकेकाळी याच कंपनीच्या, आपल्या गावातल्या कारखान्यात उमेदवारी करायचा. हळूहळू वर चढत गेला. धाकटा भाऊ हिनर्क मात्र तिथेच पत्रा दाबायच्या यंत्रावर राहिला. रविवारी आम्ही त्याच्याकडे जेवायला जायचो. बटाटे सोलता सोलता मालक म्हणायचा, "मी आहे तोवर कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागत नाही."

मग मुख्य कचेरीतून सांगणं आलं : तो कारखाना बंद कर, संचालक हो. आठवडाभर फिरायला नेताना तो मला एकच सांगत राहिला, "मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेलच." माणसं असलं कुत्र्यांनाच सांगतात. आम्ही उलट विचारत नाही ना!

कारखाना बंद होणार, ही बातमी टीव्हीवर आली. दुसऱ्या दिवशी हिनर्क दारात उभा.

"दादा, आधी मला सांगायचंस."

"सांगून तू काय करणार होतास?"

"काही नाही. पण तुझ्या तोंडून ऐकलं असतं."

तो आत आला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

मार्चमध्ये हिनर्क कारखान्यामागच्या कालव्यात सापडला. पाय घसरला, असं ठरलं. कुणी वाद घातला नाही.

दफनानंतर गावच्या खाणावळीत कॉफी आणि केक होता. दारात हिनर्कची बायको गेशे उभी होती.

"कुत्रा गारठलाय. त्याला येऊ द्या आत."

"आणि मी?"

"तुमच्याकडे गाडी आहे ना, भावोजी? तिचा हीटर लावून बसा."

मी आत गेलो. बेकार झालेल्या माणसांनी मला टेबलाखाली केक भरवला. खिडकीबाहेर मालक गाडीत बसून होता. हीटर त्याने लावलाच नव्हता, काचेवर वाफ धरली होती. मी बाहेर त्याच्याकडे जायला हवं होतं. मी केक खात राहिलो.

पुढे कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी त्यालाही घरी बसवलं. आता तळ्याकाठच्या मोठ्या घरात आम्ही दोघंच. फोन वाजत नाही. दिवसभर तो माझ्याशीच बोलतो, बोलता बोलता मला हिनर्क म्हणतो. मी शेपूट हलवतो. दुसरं काय करणार?

माझा एक डोळा गेलाय, मागचे पाय उचलत नाहीत. मी फार दिवसांचा नाही. त्याला माफ करा, असं मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. पण मी गेल्यावर कुणीतरी या. शिव्या द्यायला आलात तरी चालेल.