पडद्याच्या मागे बसलेली माणसं

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. ठाकुर्लीच्या एका चाळीत गणपतीच्या पाचव्या दिवशी अंगणात सिनेमा दाखवत, त्यासाठी मला शिवलं. मांजरपाटाचे तीन पन्हे जोडून देवराम शिंप्याने मला तयार केलं. तो चाळीमागच्या वस्तीत राहायचा.

दिवेलागणीनंतर मला दोन बांबूंना ताणून बांधत. चाळीतली माणसं सतरंज्या घेऊन पुढे बसत आणि वस्तीतली माणसं गोणपाट अंथरून मागे. मी पातळ असल्यामुळे सिनेमा दोन्हीकडून दिसायचा, मागून आरशातल्यासारखा.

मागची गर्दी दर वर्षी वाढत गेली. शिट्ट्या, आरडाओरडा होऊ लागला. चाळीत कुरकुर सुरू झाली. तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी भाऊ काळं कापड घेऊन देवरामकडे आले.

"याच्या पाठीला हे अस्तर लाव. उजेड पलीकडे जाता कामा नये."

देवराम म्हणाला, "लावतो. पण भाऊ, मागे माझी पोरगी रतन बसते."

"मग तुम्ही घरचे पुढे या की."

"आणि बाकीचे?"

भाऊ कापड तिथेच ठेवून निघून गेले. देवरामने अस्तर शिवलं. शिवताना त्याची सुई दोनदा मोडली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच एका बाजूने आंधळा होतो. भाऊंची मुलगी सुमेधा आणि रतन एकाच वर्गात होत्या. रतन पुढे दिसेना म्हणून सुमेधा उठून मागे गेली आणि पळतच परत आली.

"बाबा, ते सगळे काळोखात बसलेत. काहीच दिसत नाही, तरी बसलेत. नुसतं ऐकतायत."

भाऊ उठून मागे गेले. वस्तीतली दीडेकशे माणसं माझ्या काळ्या पाठीकडे बघत बसली होती. कोणी तक्रार केली नाही. एका म्हातारीने सरकून भाऊंना गोणपाटावर जागा करून दिली. भाऊ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हाक मारली, "देवराम, कात्री आहे का?"

रीळ बदलायला सिनेमा थांबला तेवढ्यात देवराम स्टुलावर चढला आणि टाके कापत गेला. काळं कापड खाली पडलं. पुढचं रीळ सुरू झालं तशी मागून एवढी मोठी शिट्टी आली, की मीही थरथरलो. भाऊ सिनेमा संपेपर्यंत तिथेच बसले.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि मी माळ्यावर गेलो. चाळ पाडून इमारत झाली, तेव्हा मला मखरावर झाकायला घेतलं. माझ्यावर ऑइलपेंटचे डाग पडले. एका कोपऱ्याला उंदरांनी भोक पाडलं. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

यंदा सोसायटीने गच्चीवर, पूर्वी चाळीत दाखवलेलाच एक जुना सिनेमा दाखवायचं ठरवलं. तरुण मुलं मोठा एलईडी स्क्रीन भाड्याने आणणार होती. सुमेधाने हट्टाने मला शोधलं, धुतलं आणि ठिगळ लावलं. डोंबिवलीहून रतनही आली. भाऊ आणि देवराम दोघंही आता नाहीत.

सिनेमा सुरू झाला आणि रतन चमकली. "अगं, हा उजव्या हाताने लिहितोय! हा डावखुरा होता ना?"

"नाही गं, उजव्यानेच लिहायचा."

"मी चाळीस वर्षं पोरांना सांगत आलेय, हिरो डावखुरा होता म्हणून!"

दोघी इतक्या हसल्या, की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मग रतनने आपली खुर्ची उचलली.

"कुठे चाललीस? इथूनच बघ ना."

"इथून बघून झाला. मला माझा सिनेमा बघू दे."

सुमेधानेही आपली खुर्ची उचलली आणि तिच्यामागोमाग माझ्या पाठीकडे निघाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या जपून ठेवू नका, त्या वापरा. मला ओला असताना घडी घालू नका, उंदरांपासून सांभाळा. आणि कधी बांधलंत, तर भिंतीला चिकटवून बांधू नका. मागे चार माणसं बसतील एवढी जागा सोडा.