शेंद्रीची पाटी

"माय, यंदा मी हे शेंद्रीचे झाडं उपटून टाकतो. वावराच्या कडेले, धुऱ्यावर ट्रॅक्टर वळत नाही," जानराव म्हणाला, तशी सिंधूताईनं लाल बियांचं सूप दाणकन खाली ठेवलं.

"हात लावून तं पाह्य! माह्या शेंद्रीबिगर मोतीरामच्या जिलबीले रंग कुठून येईन बे?"

गावही तसंच समजत होतं. धामणगाव बढ्यात मोतीरामच्या हॉटेलावर पाटीच होती, 'सिंधूताईच्या शेंद्रीची जिलबी'. गल्ल्याजवळ वाटीत तिचं बी मांडलेलं. उभी जवानी दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेल्या बाईचं नाव भर बाजारात! म्हातारीचा सारा जीव त्या पाटीत होता.

दुसऱ्या दिवशी ती नवं बी घेऊन गेली. मोतीरामनं "जय भीम मावशी" म्हणत गरम जिलबी पुढं केली. खाता खाता एक तुकडा पाण्याच्या गिलासात पडला, अन् पाणी झटक्यात केशरी झालं.

सिंधूताई पाहतच राहिली. शेंद्री तेलात तापवली की रंग सोडते, पाण्यात अशी धावत नाही. हे तिच्याहून जास्त कोणाले ठाऊक?

"मोतीराम, हा डब्बीतला रंग हाये."

"मावशी, बी तापवत कोन बसते आता?"

"मंग माहं बी?"

"मागं पोत्यात पडलं हाये."

मग काय विचारता! गिऱ्हाइकांसमोर तिनं त्याचे वाभाडे काढले, अन् पाटी खाली उतरवली तेव्हाच दम घेतला. मोतीराम रडकुंडीला आला. "माह्यावरच काऊन चिडता? जानरावच म्हने, बी घेत जाय, पन मायले सांगू नको."

ती तरातरा वावरात आली.

"कवापासून माहीत व्हतं तुले?"

जानरावनं मान खाली घातली. "तीन वर्सं झाले. तुहं मन मोडवलं नाही माय."

"अन् मी गावभर मिरवत व्हती, तवा तू गुमान पाहत राह्यला?"

सिंधूताई धुऱ्यावरच बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"मोतीराम परका. त्याच्या दारात बोंब मारून आली मी. तुह्या नावानं कोनाच्या दारात जाऊ रे?"